माशांची मोजदाद आणि न्यायालयाचा निवाडा

पाण्यात मासे किती आहेत, हे काठावर उभे राहून कोणालाही सांगता येत नाही. त्यामुळे जेथे एकाच तलावावर मासे धरणारे दोन गट असतात, तेथे दुसऱ्या गटाने मासे संपविले ही तक्रार बहुधा ऐकू येतेच. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात अशीच एक तक्रार दगडफेकीपर्यंत गेली. ती कशी मिटली, हा इतिहास गावपातळीवर नोंदवह्या लिहिणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्यासारखा आहे.

विस्कॉन्सिन हे दुग्धव्यवसायासाठी नाव मिळविलेले राज्य होय. त्याच्या उत्तर भागात मात्र शेतीपेक्षा जंगल अधिक असून लहानमोठी हजारो सरोवरे आहेत. हा सारा मुलूख मूळचा ओजिब्वे या आदिवासी जमातीचा. १८३७ व १८४२ साली झालेल्या तहांन्वये जमातीने ही भूमी अमेरिकेच्या केंद्र सरकारला दिली. परंतु दिलेल्या भूमीवर शिकार करणे, मासे धरणे व उथळ पाण्यात आपोआप उगवणारे जंगली भात गोळा करणे हे हक्क १८३७ च्या तहात स्पष्ट शब्दांत राखून ठेवण्यात आले. १८५४ च्या तिसऱ्या तहाने जमातीच्या वस्तीसाठी राखीव प्रदेश आखून दिले. त्यानंतर राज्य सरकारने असा अर्थ लावला की, राखीव प्रदेशाबाहेर ओजिब्वे माणसालाही राज्याचेच शिकारीचे नियम लागू आहेत. पिढ्यान् पिढ्या ज्या पाण्यावर पोट भरले, त्याच पाण्यात मासा धरल्याबद्दल मग दंड होऊ लागला.

१९७४ साली दोन ओजिब्वे भावांना राखीव प्रदेशाच्या सीमेपलीकडे, गोठलेल्या सरोवराच्या बर्फास भोक पाडून मासे धरताना अटक झाली. जमातीने राज्याविरुद्ध दावा लावला. १९७८ साली संघीय जिल्हा न्यायाधीश जेम्स डॉइल यांनी राज्याच्या बाजूने निर्णय दिला. जमातीने अपील केले आणि २५ जानेवारी १९८३ रोजी अपील न्यायालयाने तो निर्णय फिरविला. तहातील हक्क कधीच रद्द झालेले नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात हात घालण्यास नकार दिला.

हक्क आहे, एवढे ठरले. तो किती, हे ठरावयाचे होते आणि खरा तंटा तेथेच पेटला. या भागातील मुख्य मासा वॉलआय. वसंत ऋतूत बर्फ वितळताच तो अंडी घालण्यासाठी काठाजवळच्या गोट्याळ, उथळ पाण्यात येतो. दिव्याच्या उजेडात त्याचे डोळे काचेप्रमाणे चमकतात. ओजिब्वे लोक रात्री होडीतून दिवा लावून भाल्याने तो टिपतात; पूर्वी मशाली वापरीत. १९८५ पासून ही भालामारी राखीव प्रदेशाबाहेर पुन्हा उघडपणे सुरू झाली. गळाने मासे धरणाऱ्यांना हे पाहवले नाही. अंड्यावर आलेले मासे मारले तर पुढच्या वर्षी सरोवर रिकामे होईल, असे ते म्हणू लागले. बाहेरगावाहून येणाऱ्या हौशी गळकऱ्यांवर ज्यांची खाणावळ किंवा होड्यांचा धंदा चालतो, त्यांना पोटाची चिंता होती आणि ती खोटी म्हणता येणार नाही. पण होड्यांच्या धक्क्यांवर जे घडले ते चिंतेच्या पलीकडचे होते. रात्रीमागून रात्री जमाव जमत, दगड फेकले जात, जमातीच्या नावाने शिव्याशाप होत, आणि मासे धरावयास आलेल्यांना पोलिसांच्या कड्यातून पाण्यावर जावे लागे. १९९१ साली न्यायालयाला अशा निदर्शकांवर मनाई हुकूम काढावा लागला.

दरम्यान मत्स्यशास्त्रज्ञ मोजणीस लागले होते. एक मोजणी राज्याच्या नैसर्गिक साधनसंपत्ती विभागाची आणि दुसरी जमातींनी १९८४ साली स्थापन केलेल्या ग्रेट लेक्स इंडियन फिश अँड वाइल्डलाइफ कमिशनची. रीत सोपी आहे. बर्फ जाताच सरोवरात जाळी लावून मासे पकडावयाचे, प्रत्येकाच्या पराचे टोक कातरून खूण करावयाची आणि ते पुन्हा सोडून द्यावयाचे. काही दिवसांनी रात्री पाण्यात सौम्य विजेचा प्रवाह सोडून गुंगलेले मासे पुन्हा पकडावयाचे व त्यांत खुणेचे किती हे पाहावयाचे. समजा, पहिल्या वेळी १०० माशांवर खूण केली. दुसऱ्या वेळी ६० मासे मिळाले व त्यांत १२ खुणेचे निघाले. म्हणजे दर पाचांत एक मासा खुणेचा. तेव्हा सरोवरात सुमारे ५०० मासे आहेत. पीक कापणी प्रयोगात निवडलेल्या तुकड्यावरून साऱ्या गावाचे उत्पन्न काढणाऱ्यांना हा विचार परका वाटू नये.

या अंदाजावर मर्यादा बसविली गेली. पूर्ण वाढलेल्या वॉलआयपैकी वर्षात शेकडा ३५ पेक्षा अधिक मासे, भाल्याने व गळाने मिळून, निघू नयेत. अंदाज चुकू शकतो हे गृहीत धरून प्रत्यक्ष मर्यादा आणखी खाली ओढली जाते, म्हणजे ३५ ची रेषा ओलांडली जाण्याची शक्यता चाळिसांत एकापेक्षा कमी राहील. मोजणी जितकी जुनी, तितकी कपात मोठी. १९८९ साली न्यायाधीश बार्बरा क्रॅब यांनी जमातींना आपल्या सभासदांवर स्वतःच नियंत्रण ठेवण्याची मुभा दिली, ती अशा सुरक्षित मर्यादेच्या अटीवर.

जमातींची व्यवस्था अशी आहे. परवाना एका रात्रीचा व एकाच सरोवराचा असतो. २० इंचांपेक्षा लांब मासे प्रत्येक परवान्यावर दोनच चालतात आणि त्यांतील एक २४ इंचांच्या आत असावा लागतो. यामुळे मोठ्या माद्या वाचतात. होडी परतली की धक्क्यावर कर्मचारी प्रत्येक मासा मोजतो आणि माशांची लांबी व नरमादी यांचीही नोंद होते. ठरलेला आकडा भरला की त्या सरोवरावर परवाने बंद. नोंदी पाहता असे दिसून आले की, भाल्याला लागणारे मासे बहुतांशी नर असतात, कारण अंडी घालण्याच्या जागी नरच अधिक काळ रेंगाळतात.

गळकऱ्यांचे मासे मात्र असे मोजले गेले नव्हते. त्यांची संख्या मोठी, येण्याजाण्याची वेळ अनिश्चित. म्हणून निवडक सरोवरांवर कारकून नेमून, विचारपूस करून त्यांचा केवळ अंदाज काढला जाई. ज्यांच्यावर आरोप होता त्यांची वही शेवटच्या माशापर्यंत लिहिलेली आणि आरोप करणाऱ्यांच्या बाजूला नुसता अदमास, अशी ही स्थिती होती. शिवाय भाल्याने निघणारे मासे वर्षाला काही दहा हजारांत, तर गळाने निघणारे काही लाखांत असतात.

१९९१ साली केंद्र सरकार, राज्य व जमाती यांच्या तज्ज्ञांनी एकत्र पाहणी करून अहवाल प्रसिद्ध केला. भालामारीमुळे वॉलआयच्या साठ्यास धोका पोहोचलेला नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. एकाच बाजूने काढलेला आकडा दुसरीने मानला नसता. दोघांच्या माणसांनी एकाच जाळ्यातील मासे मोजले होते, म्हणून तो टिकला. त्याच वर्षी अंतिम निवाडा झाला. जमातींना व्यापारासाठी झाडे तोडण्याचा हक्क मिळाला नाही आणि मागील नुकसानभरपाईही मिळाली नाही. राज्याला भालामारी थांबविता आली नाही. दोघांपैकी कोणीही पुढे अपील केले नाही. शेजारच्या मिनेसोटा राज्यातील अशाच प्रकरणात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने पाचास चार मतांनी १८३७ च्या तहातील हक्क मान्य केले.

तंट्यासाठी सुरू झालेली ही वही पुढे वेगळ्याच कामी आली. १९९० ते २०१७ या काळातील १७९ सरोवरांच्या नोंदी घेऊन शास्त्रज्ञांनी २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात माशांची केवळ संख्या न घेता, वर्षभरात सरोवरात माशांचे वजन किती वाढले व त्यातून किती काढले गेले, याचा ताळा मांडला होता. तेव्हा सुमारे शेकडा ४० सरोवरांत वाढीपेक्षा काढणी अधिक असल्याचे आढळले. संख्येच्या जुन्या हिशेबाने हेच प्रमाण त्याच्या दशांशापेक्षाही कमी दिसत होते. जी सरोवरे निर्धोक समजली जात होती, त्यांपैकी अनेकांत मुदलालाच हात लागत होता. सरोवरांचे पाणी तापत चालल्याने वॉलआयची नवी पिलेही अनेक ठिकाणी कमी होत आहेत, असे अन्य संशोधनावरून दिसते. म्हणून आता शरद ऋतूतील रात्री त्या वर्षी जन्मलेल्या पिलांची मोजणी करण्यासही तितकेच महत्त्व आले आहे, आणि त्या कामी राज्याच्या होड्यांबरोबर जमातींच्या होड्याही पाण्यावर असतात.