सिस्टरच्या मनावरचं ओझं

रत्नागिरीत राजीवडा, मिरकरवाड्याकडे किंवा आसपासच्या गावांत अशी घरे पुष्कळ दिसतात. घर मोठे, माणसे दोन-तीनच. मुलगा कुवेत-दुबईला, मुलगी मुंबईला, आणि खाटेवर आजारी दादी. उशाशी पगारी सिस्टर. परदेशातून रोज फोन येतो, "दादी जेवली का? झोपली का?" पण सिस्टरला कुणी विचारत नाही, "तुम्हाला काय वाटतं?"

तिला वाटण्यासारखे खूप असते. म्हातारे माणूस घास नको म्हणून तोंड फिरवते. घरचे म्हणतात, भरवाच. भ्रमातला रुग्ण नाकातली नळी ओढतो, म्हणून त्याचे हात खाटेला बांधायला सांगतात. आजार सांगू नका अशी ताकीद असते आणि रुग्ण सिस्टरचाच हात धरून विचारतो, "मला झालंय तरी काय?" रुग्णालयात रुग्ण इतके, की दर दोन तासांनी कूस बदलायची हे ठाऊक असूनही जमत नाही.

योग्य काय ते कळते, पण करता येत नाही. अमेरिकेतील अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये परिचारिकांच्या या घुसमटीला 'नैतिक क्लेश' असे नाव दिले. थकवा झोपेने जातो, हे ओझे सिस्टरबरोबर घरी जाते.

परिचारिकांचा विवेक काय असतो, हे मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात दिसले. तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी एका सफाई कामगाराने अमानुष हल्ला केला. मेंदूला कायमची इजा झाली. १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, सुमारे ४२ वर्षे, सहकारी परिचारिकांनी त्यांना सांभाळले. साठी त्यांनी त्याच खाटेवर ओलांडली. इतक्या वर्षांत अंगावर एकही शय्याव्रण नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयानेही घेतली.

लेखिका पिंकी विराणी यांनी अरुणांना या यातनांतून सोडवा, अन्न देणे थांबवा, असा अर्ज केला होता. कळवळा त्यांनाही होता. पण सेवा करणाऱ्यांचा याला ठाम विरोध होता. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने अर्ज फेटाळला आणि अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार के.ई.एम.च्या कर्मचाऱ्यांचा मानला.

सर्वोच्च न्यायालयाने ज्यांचे ऐकले, त्यांचे आपण घरात ऐकतो का?

करण्यासारखे कठीण काही नाही. वडीलधारे शुद्धीवर असतानाच त्यांना विचारा, शेवटच्या काळात नळ्या, यंत्रे हवीत की नकोत. अशी इच्छा आधी लिहून ठेवण्यास २०१८ च्या निकालाने कायदेशीर मान्यता दिली आहे. २०२३ मध्ये तिची पद्धत सोपी झाली. डॉक्टरांशी बोला, दीनच्या जाणकार आलिमांचाही सल्ला घ्या. घरातला एकच माणूस निर्णय कळवणारा ठरवा. चार भावंडांचे चार हुकूम सिस्टरवर सोडू नका. आणि आठवड्यातून एकदा तिला बसवून, चहा देऊन विचारा, "बाई, तुम्हाला काय खटकतंय?"

पैगंबरांच्या काळात मदिनेत जखमींची शुश्रूषा करणाऱ्या हजरत रुफैदा यांचे नाव आपण आदराने घेतो. तोच आदर आपल्या दादीची कूस बदलणाऱ्या बाईलाही द्यायला हवा. आईवडिलांची सेवा हे आपले कर्तव्य आहे. ते तिने पगार घेऊन केले, तरी त्यातल्या निर्णयांची जबाबदारी आपलीच राहते.