देव्हाऱ्यातील पूर्वज

परांडे तालुक्यातील सोनारी हे गाव काळभैरवनाथाचे. आणि या देवाला कुलदैवत मानणारी घराणी महाराष्ट्रभर इतकी पांगलेली आहेत की, चैत्रातील यात्रेला जमणाऱ्या समुदायात, ज्यांच्या कित्येक पिढ्यांत कोणी या गावी राहिलेले नाही, अशाच मंडळींचा भरणा अधिक असावा. देवळाच्या आवारातील माकडांच्या तावडीतून प्रसादाचा नारळ सांभाळीत ही मंडळी दर्शनाला जातात. कुलदैवताच्या क्षेत्री जाताना घरचे देव बरोबर न्यावेत आणि त्यांची मूळ देवाशी भेट घडवावी, ही आपल्या मुलखातील जुनी वहिवाट. तिला अनुसरून फडक्यात बांधून आणलेले हे घरचे देव म्हणजे बहुधा मूर्ती नसतात, ते तळहाताएवढे किंवा त्याहूनही लहान असे धातूचे टाक असतात.

टाकाची घडण वरकरणी साधी आहे. चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठेवून ठोकावयाचा, म्हणजे आकृतीचा उठाव पत्र्यावर उमटतो. मग डोळे, दागिने, शस्त्राची धार अशा बारीक रेषा कलमाने उघडावयाच्या, मागची पोकळी लाखेने भरावयाची आणि पाठीला तांब्याचा पत्रा बसवावयाचा. भैरवनाथ त्रिशूळ-डमरूवरून ओळखावा, खंडोबा घोड्यावरून, भवानी तिच्या आयुधांवरून. चेहरा मात्र सर्वांचा जवळजवळ एकच, आणि त्याबद्दल कोणाही भक्ताने कधी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

परंतु देव्हाऱ्यात देवांच्या ओळीला लागून आणखी काही टाक असतात, ते पूर्वजांचे. लढाईत पडलेला वा अपघाताने गेलेला पुरुष ‘वीर’ होऊन बसतो, मुंजीनंतर लग्नापूर्वी गेलेला मुलगा ‘मुंजा’ होतो, अहेवपणी गेलेली स्त्री ‘सवाष्ण’ म्हणून पुजली जाते. आणि ज्यांचे आयुष्य अर्ध्यावर तुटले त्यांची वासना घरात घोटाळत न राहता तिला पूजेचे एक निश्चित स्थान मिळावे, हा या साऱ्या व्यवस्थेमागील आशय आहे. नाशकात धुळवडीच्या दिवशी असे वीर देव्हाऱ्यातून बाहेर काढून वाजतगाजत गोदावरीवर नेतात. या कल्पनेचे मूळ शोधू गेल्यास आपण गावोगावच्या वीरगळांपाशी, म्हणजे लढाईत पडलेल्यांच्या स्मारकशिळांपाशी, पोचतो. खालच्या चौकटीत झुंज, मध्ये अप्सरांनी उचलून नेलेला वीर, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य, हा तेथील क्रमही ठरलेलाच. जन्मात ज्याने तट्टूवरदेखील मांड टाकली नसेल असा कुणबी टाकावर मात्र उमदा घोडेस्वार होतो, याचे रहस्य त्या ठशात आहे.

चेहऱ्याची हौस आपल्याकडे उशिरा आली. जेम्स वेल्स या चित्रकाराने अठराव्या शतकाच्या अखेरीस सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांना रंगविले, तरी हुबेहूब तसबिरीचे रीतसर शिक्षण मुंबईत १८५७ साली निघालेल्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेनंतरच रुजले. त्या शाळेतून बाहेर पडलेल्यांपैकी कोलगावचे श्रीपाद दामोदर सातवळेकर, जे पुढे वेदांचे भाष्यकार म्हणून विख्यात झाले, त्यांनी आरंभी निजामाच्या राजधानीत आणि नंतर लाहोरात तसबिरी रंगवून चरितार्थ चालविला. सोनारी त्या वेळी आणि पुढे १९४८ पर्यंत निजामाच्याच अमलाखाली होती. पण हैदराबादेच्या उमरावांना परवडणारा हा शौक परांड्याकडच्या शेतकऱ्याच्या आवाक्यातला नव्हता. त्याच्या ओसरीवर तसबीर आली ती छायाचित्रावाटे, आणि तीदेखील पेंटरच्या हातून गेल्यावर. लग्नातल्या घोळक्याच्या फोटोतून आजोबांचे तेवढे डोके उचलावयाचे, ते मोठे करावयाचे आणि त्याखाली कोट, उपरणे, क्वचित खिशाला घड्याळाची साखळी रंगवून द्यावयाची, हा या पेंटरांचा शिरस्ता होता. गळपट्टीच्या वर माणूस खरा आणि खाली ठसा! टाकावरचा घोडा जणू कोटाचे रूप घेऊन भिंतीवर चढला. आणि मला तरी यात फसवणूक दिसत नाही, कारण मेलेल्या माणसाला थोडी बढती देण्याची इच्छा दोन्हीकडे तीच आहे.

भेद आहे तो टिकण्यात. तसबिरीची सारी मातब्बरी ओळखीवर अवलंबून. ज्यांनी त्या माणसाला पाहिले ते सरले की नातवंडे ‘हे कोण?’ म्हणून विचारतात, नव्या घराच्या भिंतीला जुनी चौकट शोभेनाशी होते आणि हार घातलेले आजोबा एके दिवशी माळ्यावर जातात. टाकाने मुळी चेहऱ्याचा वायदाच केलेला नसतो. श्राद्धातदेखील पिता, पितामह, प्रपितामह एवढ्या तिघांचाच नामोच्चार होतो आणि त्यापलीकडचे पूर्वज समुदायात विलीन होतात. विस्मरणाला धर्मानेच अशी मुदत आखून दिली असता टाकाने नाव विसरून माणूस देव्हाऱ्यात ठेवावा, हे मला त्या शास्त्राशी अधिक सुसंगत वाटते.

याच हुन्नराचा एक प्रकार देव्हाऱ्यात न राहता गळ्यात राहिला. पहिली बायको वारल्यावर घरात आलेल्या दुसरीने तिच्या नावाचा लहानसा टाक गळ्यात बाळगावयाचा, आणि नवे लुगडे वा नवा दागिना अंगावर घालण्यापूर्वी तो त्या टाकाला दाखवावयाचा, अशी रीत कित्येक घरांत होती. मृत सवतीचे भय हे तिचे कारण, हे उघड आहे. तथापि वतनाच्या कागदांत आणि वंशावळीत जिला स्थान नाही, त्या सुनेची घराण्याने ठेवलेली नोंद पुष्कळदा एवढीच असे, आणि ती सांभाळण्याचे काम तिच्या जागी आलेल्या परक्या मुलीकडे असे. सराफाच्या पेढीवर आज यंत्राने दाबलेले वीर आणि भैरवनाथ हवे तेवढे मिळतात. सवतीच्या टाकाची मागणी मात्र, बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियांची संख्या उतरत गेली तशी, ओसरत गेली असावी.