रुमाल टाकलेली जागा

पंजाबातल्या एखाद्या ‘ओट’ क्लिनिकात, म्हणजे अफू-हेरॉइनच्या व्यसनावर दाखल न करता उपचार करणाऱ्या क्लिनिकात, सकाळी जाऊन बसा. रांगेतला माणूस गोळी जिभेखाली ठेवतो आणि बाकावर तोंड मिटून बसतो. बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही, गोळी गिळायची तर नाहीच. काही मिनिटांनी नर्स ‘आ’ करायला लावते. गोळी विरघळली की हा निघाला ट्रॅक्टरवर, नाहीतर दुकानात. ॲडमिट होणं नाही, खाट नाही. ‘चिट्ट्या’शिवाय, म्हणजे हेरॉइनशिवाय, ज्याचा दिवस उजाडत नसे, तो हाच माणूस!

गोळीचं नाव ब्युप्रेनॉर्फिन. गंमत म्हणजे तीही मूळची अफूच्याच घरातली. अफूतल्या थेबेनपासून 1960च्या दशकात इंग्लंडमध्ये ती वेदनाशामक म्हणून तयार झाली. मेंदूत हेरॉइन जिथे बसतं, तिथेच ती जाऊन बसते, आणि जास्त घट्ट. एसटीत सीटवर रुमाल टाकून जागा धरावी, तशी. मागून चिट्टा आला तरी त्याला टेकायला फारशी जागा उरत नाही. बसून ती स्वतः मात्र अर्धंच काम करते: तलफ शमते, पण नशेची लाट येत नाही. डोस वाढवला तरी एका मर्यादेपुढे परिणाम वाढत नाही, म्हणून श्वास बंद पडण्याचा धोकाही हेरॉइनपेक्षा बराच कमी.

पहिल्या गोळीची मात्र घाई करत नाहीत. जांभया, वाहणारं नाक, अंगावर काटा, मोठ्या झालेल्या बाहुल्या दिसेपर्यंत डॉक्टर थांबतात. हेरॉइन उतरल्यावरच्या या त्रासाला पंजाबात ‘तोट’ म्हणतात, आपल्या व्यसनमुक्ती केंद्रांत ‘टर्की’. हेरॉइन बसलेलं असतानाच गोळी दिली, तर ती त्याला उठवून जागा घेते आणि तोट एकदम अंगावर कोसळते.

शिवाय गोळीत नॅलोक्सोन नावाचा पहारेकरी असतो. जिभेखालून तो रक्तात फारसा शिरत नाही, झोपूनच राहतो. कुणी गोळी कुटून सुईने टोचली, की जागा होऊन तोट आणतो!

पंजाब सरकारने 2017 साली ही क्लिनिकं सुरू केली. तेव्हा प्रत्येक गोळी नर्ससमोरच घ्यावी लागे. 2020च्या लॉकडाउनमध्ये ती घरी न्यायची मुभा मिळाली. ‘एक सुटलं, दुसरं लागलं’ असं कुणी म्हणेलही. शरीराला गोळीची सवय होते, हे खरंच. म्हणून ती एकदम तोडत नाहीत, महिनोन्‌महिने, कधी वर्षंही देतात. पण पुडी शोधण्यात जाणारा दिवस आता त्या रांगेतल्या माणसाचा असतो. त्या दिवसाचं काय करायचं, हे मात्र गोळी सांगत नाही. ते समुपदेशकासमोर, घरच्यांबरोबर त्यालाच ठरवावं लागतं.