'हॅलो, बोंजूर'चा प्रांत : न्यू ब्रुन्सविकमध्ये फ्रेंचवाचून अडते का?

कॅनडात स्थायिक व्हायचे म्हटले की टोरांटो आणि व्हँकुव्हरची नावे आधी पुढे येतात. तिथल्या घरभाड्यांचे आकडे पाहिल्यावर अटलांटिक किनाऱ्यावरच्या छोट्या प्रांतांची चौकशी सुरू होते. त्यातला एक न्यू ब्रुन्सविक, कॅनडातील एकमेव अधिकृत द्विभाषिक प्रांत. त्यामुळे पहिली शंका हीच : फ्रेंच येत नसेल तर?

द्विभाषिक म्हणजे नेमके काय?

१९६९च्या राजभाषा कायद्याने इंग्रजी आणि फ्रेंचला इथे समान दर्जा मिळाला. १९८२मध्ये तो देशाच्या राज्यघटनेतही आला. मात्र हे बंधन सरकारवर आहे, नागरिकांवर नाही. सरकारी कार्यालयात दोन्ही भाषांत स्वागत होते; पुढचे काम कोणत्या भाषेत करायचे ते तुम्ही ठरवायचे. प्रत्यक्षात दोन्ही भाषा बोलणारे रहिवासी साधारण एक तृतीयांशच आहेत.

मग भाषा आडवी कुठे येते?

नोकरीत. लोकांशी थेट संबंध येणाऱ्या अनेक सरकारी पदांसाठी दोन्ही भाषा लागतात. खासगी कंपन्यांना असे बंधन नाही, पण ग्राहक फ्रेंच असतील तर तेही फ्रेंच येणाऱ्याला पसंती देतात.

राहायचे कुठे?

राजधानी फ्रेडरिक्टन आणि बंदराचे शहर सेंट जॉन इथे इंग्रजीवर भागते. (न्यूफाउंडलँडमधील सेंट जॉन्स वेगळे, विमानाचे तिकीट काढताना गल्लत नको.) मंक्टनमध्ये दोन्ही भाषा कानावर पडतात, तर त्याला लागून असलेले दिएप फ्रेंचबहुल आहे. वायव्येकडील एडमंडस्टन किंवा ईशान्येकडील अकेडियन द्वीपकल्पातली नोकरी स्वीकारण्याआधी मात्र भाषेची अट नीट वाचा.

मुलांच्या शाळेचे काय?

इंग्रजी आणि फ्रेंच शाळांची व्यवस्था पूर्ण वेगळी आहे. इंग्रजी शाळेत घातलेल्या मुलांसाठी 'फ्रेंच इमर्शन'चा पर्याय असतो. त्यात काही विषय फ्रेंचमधून शिकवले जातात. पुढे इथेच नोकरी करायची तर त्याचा मोठा उपयोग होतो.

घर घेताना काय पाहाल?

डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. ही रक्कम घरमालकाकडे न राहता प्रांताच्या भाडेविषयक सरकारी कार्यालयाकडे जमा होते. हिवाळ्यात पारा उणे २० अंशांपर्यंत उतरतो. त्यामुळे भाड्यात हीटिंगचा खर्च धरला आहे का, हे आधीच विचारा. शहराबाहेर बससेवा तुटपुंजी असल्याने गाडीचा खर्चही हिशेबात घ्या.

एजंटला पैसे द्यावेत का?

२०२२पासून कायमस्वरूपी झालेल्या 'अटलांटिक इमिग्रेशन प्रोग्राम'साठी मान्यताप्राप्त कंपनीचे नोकरीचे पत्र लागते. असे पत्र विकणे बेकायदा आहे. त्यासाठी कोणी लाखो रुपये मागत असेल, तर तिथेच थांबा. निकष वारंवार बदलतात. ते सरकारी संकेतस्थळावरच तपासा.

जाण्याआधी काय करता येईल?

फ्रेंच शिकायला इथूनच सुरुवात करा. मुंबई आणि पुण्यात 'आलियाँस फ्रान्सेज'चे वर्ग आहेत. मान्यताप्राप्त परीक्षेत चांगले गुण मिळाले, तर 'एक्स्प्रेस एंट्री'त जादा गुणही मिळतात. न्यू ब्रुन्सविकमध्ये फ्रेंचवाचून राहणे अडत नाही. नोकरीचे पर्याय मात्र कमी होतात.