माथाडींनी काय मिळवलं?

पूर्वी बाजारात पोती वाहणाऱ्या हमालाला, म्हणजे माथाडीला, आपला मालक कोण, हेच सांगता येत नसे. आज एक व्यापारी, उद्या दुसरा, मध्ये टोळीचा मुकादम. मग भविष्यनिर्वाहाचा फंड मागायचा कोणाकडे? कामगार नेते अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यातून महाराष्ट्रात १९६९चा माथाडी कायदा झाला. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची ठरावीक टक्क्यांची जादा रक्कम, म्हणजे लेव्ही, या कायद्याखालच्या माथाडी मंडळात भरू लागला. त्या लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा. बाजार भांडवलीच राहिला, तरी हमालाच्या म्हातारपणाची सोय झाली. ही कमाई मी फार मोठी मानतो. ती शक्य का झाली, हे मुंबईच्या कापड गिरण्यांशी तुलना केली की कळतं. तिथला १९८२चा संप सुमारे अडीच लाख कामगार उतरूनही फसला; त्याचं एक कारण म्हणजे कापड गिरण्यांबाहेरच्या यंत्रमागांवर विणून मिळत होतं. मार्केटातलं पोतं मात्र हमालाने उचलल्याशिवाय हलत नव्हतं.