निरोप धाडणे आणि निरोप पोचणे

संस्थेने उपक्रम योजावा, पैसा राखून ठेवावा, आणि ज्यांच्यासाठी तो योजला तीच माणसे फिरकू नयेत, हा अनुभव आपल्या कार्यकर्त्यांना नवा नाही. मग "प्रसिद्धी कमी पडली" असे ठरते व पुढच्या वर्षी आणखी मोठा फलक लागतो. वस्तुतः उणीव बहुधा पैशाची नसते.

पूर्वी दवंडी पिटली की ऐकणारा लगेच शेजाऱ्याला विचारी, "हे आपल्याला लागू आहे का?" व्हॉट्सअ‍ॅपच्या निरोपात हा दुसरा भाग गळतो. शिवाय त्या साधनाचेही नियम आहेत. 'ब्रॉडकास्ट' यादीत 256 नावे घालता येतात खरी. परंतु ज्यांनी आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये नोंदवला असेल त्यांनाच तो निरोप मिळतो. चिटणीसांनी दोनशे जणांना धाडला म्हणजे दोनशे जणांना पोचला, असे नव्हे. अनेक हातांतून आलेला निरोप तर 2020 पासून एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो.

पोलिओचे उदाहरण घ्या. पल्स पोलिओची मोहीम 1995 साली सुरू झाली. जाहिराती पुष्कळ होत्या, तरी उत्तर प्रदेशात कित्येक घरांनी, त्यांत आम्हां मुसलमानांचीही बरीच, डोस नाकारले. अखेर त्या दारांशी वस्तीतल्याच बाया गेल्या, इमामांनी मशिदींतून आवाहन केले. 13 जानेवारी 2011 रोजी आजारी पडलेली मुलगी ही देशातील नैसर्गिक विषाणूची शेवटची रुग्ण ठरली.

आता माझी चूक सांगतो. गतवर्षी शिष्यवृत्तीचा निरोप मीच लिहिला होता : "पात्र विद्यार्थ्यांनी विहित मुदतीत अर्ज सादर करावेत." माझ्याच वर्गातील एका हुशार मुलीचा अर्ज आला नाही, पुढे तिची शाळा सुटता सुटता राहिली. मुदत टळल्यावर आई म्हणाली, "सर, मेसेज वाचला होता. पण पात्र म्हणजे आम्ही, हे कुणी सांगितलंच नाही."

यंदा निरोप असा आहे : "वडील नसलेली किंवा मोलमजुरी करणाऱ्यांची मुले, आठवी ते दहावी. शाळेचा दाखला आणा, फॉर्म आम्ही भरून देऊ." खाली एका माणसाचे नाव व फोन. आणि प्रत्येक गल्लीत एका बाईकडे दहा घरे सोपवली आहेत. खर्च काय तो चहाचा. त्या मुलीच्या आईने बारा घरे मागून घेतली.