जुन्या मालमोटारीचे ब्रेक

घरी एखादी जुनी मालमोटार आहे, ती वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेली आहे, तिच्या भाड्यावर घर चालले, मुलांची शिक्षणे झाली आणि आता ती भंगारात द्यावयास हात धजत नाही, अशी कुटुंबे गोव्यात, बेळगावकडे, इंदूर-बडोद्याच्या बाजूलाही आढळतात. फेस्ताच्या दिवशी तिला हार घालावा, मुलांनी तिच्या हौद्यात चढून खेळावे आणि एरवी ती छपराखाली उभी असावी, असा तिचा संसार असतो. मग घरातल्या कोणा हौशी तरुणाला ती पुन्हा चालू करावीशी वाटते. तो इंजिनावर महिनाभर खपतो. इंजिन एकदाचे सुरू होते आणि घरात आनंदीआनंद होतो.

अशा घरांना आम्हांला येथे थोडे सांगावयाचे आहे. इंजिन नादुरुस्त असले तर गाडी जागची हलत नाही. त्यात कोणाचा जीव जात नाही. ब्रेक नादुरुस्त असले तर गाडी थांबत नाही. म्हणून जुन्या गाडीच्या दुरुस्तीचा आरंभ ब्रेकपासून झाला पाहिजे. ‘या गाडीचे ब्रेकचे भाग आता मिळत नाहीत’ असे जे सर्वत्र ऐकू येते ते अर्धेच खरे आहे. गाडीचे नाव सांगून ते मिळत नाहीत, हे खरे. माप सांगून ते बहुधा मिळतात, किंवा करून घेता येतात.

आपल्याकडे उरलेल्या जुन्या अवजड गाड्यांची कुळे थोडीच आहेत. मुंबईत शिवडी येथे जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून १९५४ पर्यंत चालला. परदेशातून आलेले भाग जुळवून तेथे गाड्या तयार होत. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने डॉज आणि फार्गो मालमोटारी काढल्या. मद्रासेत १९४८ मध्ये निघालेली अशोक मोटर्स इंग्लंडच्या लेलँडशी जोडली गेली आणि १९५५ मध्ये तिचे अशोक लेलँड झाले. जमशेदपूरला टेल्कोने १९५४ मध्ये जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी १५ वर्षांचा करार केला आणि त्याच वर्षी टाटा-मर्सिडीज-बेंझ मालमोटार रस्त्यावर आली. १९६९ मध्ये करार संपला, नाकावरील तारा गेला आणि त्या जागी ‘टी’ हे अक्षर आले. इंग्रजी व अमेरिकन कुळातील गाड्या इंचांवर बांधलेल्या असत, जर्मन कुळातील मिलिमीटरांवर. आपली गाडी कोणत्या कुळाची, हा शोधातील पहिला प्रश्न होय.

या गाड्यांचे ब्रेक कसे चालतात हे समजून घेतले म्हणजे पुढील गोष्टी सोप्या होतात. बऱ्याच जुन्या गाड्यांत पायाचा दाब तेलातून चाकापर्यंत जातो. पायाखालच्या दांड्याने मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या ढकलला जातो, दाबलेले तेल नळीतून प्रत्येक चाकाशी असलेल्या व्हील सिलिंडरमध्ये जाते, तेथील दट्टे ब्रेक-शूंना बाहेर रेटतात आणि शूंवर बसविलेले लायनर फिरत्या बिडाच्या ड्रमला आतून घासतात. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा १७ व्या शतकातील फ्रेंच गणिती ब्लेझ पास्कल यांचा सिद्धान्तच येथे राबत असतो. अवजड गाडीला माणसाच्या पायाचे बळ अपुरे पडते म्हणून इंजिनाची ओढ किंवा दाबलेली हवा त्याच्या मदतीस दिलेली असते.

गाडीचा वेग घर्षणाने उष्णतेत पालटतो. ही उष्णता किती असते याचा साधा हिशेब पाहा. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. १० टन वजनाची गाडी घाटातून ६०० मीटर खाली उतरली आणि सर्व भार ब्रेकवरच टाकला, तर जी उष्णता निघेल तिने साधारण २०० लिटर पाणी, म्हणजे एक अख्खे पिंप, ३० अंशांवरून उकळीस येईल. म्हणूनच ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, असा जुन्या चालकांचा दंडक होता. त्यामुळे पुष्कळसा भार इंजिन उचलते. जे उरते ते मात्र चार-सहा ड्रम, काही लायनर आणि रुपयाएवढ्या रबराच्या वाट्या यांनाच सोसावे लागते.

आता मापाची गोष्ट. बेळगावात एका खराद कारखान्यात आम्ही बसलो असता एक गृहस्थ व्हील सिलिंडरचे रबर घेऊन आले. दुकानात गाडीचे नाव सांगून त्यांनी ते आणले होते आणि बसविल्यावर तेल पाझरत होते. मेस्त्री म्हणाले, “मालक, नाव राहू द्या, जुना सिलिंडर आणा.” सिलिंडर आला. मेस्त्र्यांनी आतील व्यास मोजला, तो ३२ मिलिमीटर भरला. रबर होते सव्वा इंची, म्हणजे ३१.७५ मिलिमीटरचे. फरक पाव मिलिमीटरचा. हाताला तो कळत नाही, तेलाला मात्र कळतो.

नळीच्या जोडाचेही असेच आहे. १० मिलिमीटरचा, १ मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा जर्मन नट आणि इंचाला २४ आट्यांचा ३/८ इंची नट शेजारी ठेवले तर जुळे भाऊ वाटतात. ३/८ इंच म्हणजे ९.५२५ मिलिमीटर. एक दुसऱ्याच्या भोकात दोन-तीन आटे जातो, बसल्यासारखा भासतो आणि एखाद्या दिवशी भर दाबाखाली निसटतो. म्हणून भाग शोधावयास निघताना जुना भाग, तो कितीही गंजलेला असो, फेकून देऊ नये. आतील व्यास, दट्ट्याची लांबी, आट्यांचे माप आणि नळीच्या तोंडाचा आकार वहीत टिपून घ्यावा. सिलिंडरच्या अंगावरील ओतीव अंक तारेच्या ब्रशने स्वच्छ करून उतरून घ्यावेत.

त्या अंकांजवळ पुष्कळदा दुसरेही एक नाव सापडते : लॉकहीड, गर्लिंग, बेंडिक्स किंवा आटे. ब्रेकचे भाग बहुधा गाडीच्या कंपनीने स्वतः केलेले नसतात. ते ब्रेकच्याच धंद्यातील कारखान्यांनी केलेले असतात आणि तोच सिलिंडर अनेक निरनिराळ्या गाड्यांना लागलेला असतो. आपल्या गाडीचे नाव ज्या दुकानात कोणी ऐकलेले नाही, तेथेच तिचा सिलिंडर दुसऱ्या गाडीच्या नावाने फळीवर पडलेला असू शकतो. आपल्या देशातही लुकास-गर्लिंगच्या भागीदारीतील ब्रेक्स इंडिया आणि हवेचे ब्रेक करणारी सुंदरम-क्लेटन या दोन्ही कंपन्या १९६२ मध्ये मद्रासेत निघाल्या. त्यानंतरच्या गाड्यांचे माप जुळविणे त्यामुळे पुष्कळ सोपे जाते.

शोध घ्यावयाच्या जागा ठाऊक असाव्यात. पुण्याची नाना पेठ, सिकंदराबादचे राणीगंज, बंगळूरचा जे. सी. रोड आणि दिल्लीचे काश्मिरी गेट हे सुट्या भागांचे मोठे बाजार आहेत. चेन्नईचे पुदुपेट जुन्या गाड्या मोडण्यासाठी प्रसिद्ध आहे. इंग्लंड-जर्मनीत जुन्या मालमोटारी जतन करणारे हौशी लोक पुष्कळ असल्याने तेथील दुकानांतूनही भाग मागविता येतात. तेथेही माप आणि ओतीव अंकच कामास येतात.

परंतु जे सापडेल ते घ्यावेच असे नाही. ब्रेकचे भाग तीन जातींचे असतात आणि तिन्हींचा न्याय वेगळा आहे.

पहिली जात रबराची. रबर नुसते ठेवूनही म्हातारे होते. ४० वर्षांपूर्वीची बंद पुडी कोणी ‘अस्सल जुना माल’ म्हणून दिली तरी तिच्यातील वाट्या गाडीत घालू नयेत. रबर सदैव नवे घ्यावे, आणि मापाने घ्यावे.

दुसरी जात लोखंडाची व बिडाची. हे भाग सुधारता येतात. सिलिंडरला आतून गंजाचे खड्डे पडले असतील तर घासून व्यास वाढवीत बसू नये. चांगला टर्नर तो मोठा कापून आत पितळेची किंवा न गंजणाऱ्या पोलादाची नळी बसवितो आणि मूळ माप परत आणतो. मास्टर सिलिंडरला नळी बसविली असेल तर तेलाच्या टाकीतून आत येणारे सुईएवढे भोक पुन्हा पाडले आहे ना, हे विचारून घ्यावे. ते बुजलेले राहिले तर तेल परत फिरत नाही, ब्रेक सुटत नाहीत आणि चाके तापत जातात. ड्रम खरादावर साफ करता येतो, पण एका आसाचे दोन्ही ड्रम एकाच मापाचे ठेवावेत. नाहीतर गाडी एका बाजूस ओढते. तडा गेलेला ड्रम वेल्डिंग करून वापरणे म्हणजे मृत्यूशी सौदा होय. अगदीच ड्रम न मिळाला तर बेळगाव आणि कोल्हापूर येथील ओतशाळांत नवा ओतून घेता येतो. बीड थंड होताना शेकडा सुमारे १ आकसते, म्हणजे ४०० मिलिमीटरच्या ड्रममागे ४ मिलिमीटर. तेवढी आणि खरादाची सूट धरूनच साचा करावा लागतो.

तिसरी जात लायनरची. शू जुनेच ठेवून त्यांवर नवे लायनर रिव्हेटने बसविता येतात. रिव्हेटची डोकी लायनरच्या पृष्ठभागापासून खोल गेलेली असावीत आणि लायनरची गोलाई ड्रमशी जुळवून घासलेली असावी. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसात जाऊन वर्षानुवर्षांनी कर्करोग उत्पन्न करते. म्हणून ड्रम उघडल्यावर आतील धूळ तोंडाने वा हवेच्या नळीने कधीही उडवू नये. ती ओल्या फडक्याने पुसावी, फडके पिशवीत बांधून टाकावे आणि मुलांना त्या वेळी दूर ठेवावे. नवे लायनर अ‍ॅस्बेस्टॉसविरहित मागावे.

उरले तेल. ब्रेक ऑईलच्या जागी इंजिनाचे तेल किंवा रॉकेल थेंबभरही जाता कामा नये. ते लागताच रबराच्या वाट्या फुगून सगळे सिलिंडर एकदम निकामी होतात. सिलिंडर धुवावयाचा तर ब्रेक ऑईलनेच किंवा स्पिरिटने धुवावा. हे तेल हवेतील ओल शोषते. डॉट ३ प्रतीचे नवे तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शोषलेल्या तेलासाठी तीच मर्यादा १४० अंशांवर येते. घाटात उष्णतेने तेल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दबते आणि पाय खालपर्यंत जातो. तेव्हा झाकण उघडून ठेवलेल्या डब्यातले तेल वापरू नये आणि गाडीतील तेल दर दोन वर्षांनी बदलावे.

चाक काढतानाही ध्यान असावे. इंग्रजी आणि अमेरिकन कुळातील कित्येक गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. नेहमीच्या दिशेने जोर लावला तर ते सुटण्याऐवजी अधिकच आवळतात आणि शेवटी बोल्ट तुटतो. सर्व काम झाल्यावर पहिली परीक्षा रिकाम्या गाडीने, सपाट मोकळ्या जागी, माणसाच्या चालीच्या वेगाने घ्यावी. मग चारही बाजूंचे ड्रम हाताने चाचपावेत. एक तापला आणि दुसरा गार राहिला तर काम पुरे झालेले नाही. सार्वजनिक रस्त्यावर न्यावयाची गाडी परिवहन कार्यालयाच्या तपासणीतून गेली पाहिजे, हेही विसरू नये.

एवढे करूनही एखादा भाग मिळणार नाही, मनासारखा करूनही घेता येणार नाही. त्या वेळी ‘तूर्त चालवून घेऊ’ हा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे ऐकू नये. गाडी छपराखाली उभी राहिल्याने कुटुंबाच्या आठवणीस काही उणेपणा येत नाही. भाग वर्षाने मिळेल, दोन वर्षांनी मिळेल. वहीतील माप तोवर तसेच राहील. परंतु उतारावर सुटलेल्या गाडीसमोर जो कोणी उभा असेल, त्याला ती गाडी कोणाच्या आजोबांची होती याने काय फरक पडणार?